पागोळीचा थेंब आणि एक नाणं

(लहान ठेवीदारांच्या मेळाव्यातील भाषण)



बचतीवर बोलायला उभा राहिलेला वक्ता पहिल्या दोन मिनिटांत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणणार, हे आता तुम्हाला पाठ झालं आहे. शाळेच्या भिंतीवर ती म्हण होती, बँकेच्या कॅलेंडरवर ती असते, पतसंस्थेच्या वार्षिक अहवालातही सापडते. म्हणीत खोट काहीच नाही, पण इतक्या वेळा कानावरून गेली की ती ऐकूच येईनाशी होते. म्हणून आज थेंबच घेऊ या, पण जरा दूरचा. हा थेंब जपानचा आहे आणि त्याचं माहेर चीनमध्ये आहे.

जपानी माणसं म्हणतात, ‘आमादारे इशि ओ उगात्सु’. पाऊस पडताना छपराच्या कडेवरून एका ओळीत जे पाणी गळतं, ते ‘आमादारे’. ‘इशि’ म्हणजे दगड आणि ‘उगात्सु’ म्हणजे भोक पाडणं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना कदाचित माहीत नसेल, पण मराठीत या पाण्याला नेमका शब्द आहे : पागोळी. तेव्हा म्हण अशी झाली, की पागोळी दगडाला भोक पाडते. चिकाटी धरली की अशक्य वाटणारं कामही होतं, या अर्थाने जपानमध्ये ती वापरतात. अभ्यासाला बसलेल्या मुलाला आई ऐकवते, धंद्याची पहिली वर्षं कठीण जाणाऱ्याला वडीलधारी ऐकवतात.

कौलारू घराच्या वळचणीखाली कधी पाहिलं असेल तर आठवा. जिथे पागोळ्या पडतात तिथल्या चिऱ्यावर खळग्यांची एक ओळ असते. तोच पाऊस सगळ्या अंगणातही पडतो, पण अंगणातल्या दगडाला खळगा पडत नाही. पाणी तेच, दगडही तसाच. फरक एवढाच, की वळचणीचा थेंब दर वेळी त्याच जागी पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पैशांच्या हिशेबात ती लागणार आहे.

आणखी एक फरक पाहा. आपल्या म्हणीतला थेंब साठतो. जपानी म्हणीतला थेंब साठत नाही, तो वाहून जातो आणि मागे खड्डा ठेवून जातो. आपला थेंब भर घालणारा, त्यांचा झिजवणारा. दोन्ही म्हणी चिकाटीच्या म्हणून एकाच माळेत ओवल्या जातात खऱ्या, पण माझ्या मते लहान ठेवीदाराच्या जास्त कामाची आहे ती ही झिजवणारी. का, ते कळायला चीनमध्ये जावं लागेल.

चीनमध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान घराण्याचं राज्य होतं. सम्राटाखाली काही मांडलिक राजे होते. त्यांतला वू प्रांताचा राजा ल्यू पी चांगलाच गबर होता. त्याच्या मुलखात तांब्याचे डोंगर होते, त्यातून तो स्वतःची नाणी पाडत असे. समुद्राचं पाणी आटवून मीठ काढत असे. उत्पन्न एवढं, की प्रजेकडून कर घ्यायचीही त्याला गरज नव्हती. अशा माणसाच्या मनात बंडाचं आलं. त्याच्या दरबारात मेइ छंग नावाचा विद्वान होता. त्याने राजाला पत्र लिहून सावध केलं. त्या पत्रात त्याने दोन दाखले दिले. थाय पर्वतावरून ठिबकणारं पाणी दगडाला आरपार भोक पाडतं. आणि विहिरीवरचा साधा दोर वर-खाली होऊन होऊन आडवं लाकूड कापून टाकतो. पाणी काही दगड फोडायची पहार नव्हे, आणि दोर म्हणजे करवत नव्हे, पण रोजची झीज ते काम करून दाखवते, असा त्याचा मुद्दा होता.

मेइ छंग राजाला ‘चिकाटी धर’ असं सांगत नव्हता, हे ध्यानात घ्या. तो सांगत होता, की लहान लहान चुका साठत जातात, त्या वेळीच आवर. एकदा भोक पडलं की बुजवता येत नाही. राजाने ऐकलं नाही. मेइ छंग दरबार सोडून निघून गेला. इसवी सनापूर्वी 154 मध्ये सात राज्यांनी मिळून बंड केलं, ते तीनेक महिन्यांत मोडलं आणि ल्यू पी मारला गेला. पुढे बान गू या इतिहासकाराने हान घराण्याच्या इतिहासात ते पत्र उतरवून ठेवलं. जपानमधल्या जुन्या पंडितांच्या अभ्यासात चिनी इतिहासग्रंथ असत, तिथून हा थेंब जपानला पोचला.

विहिरीच्या दोराचा दाखला तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि, आपला हेमाडपंत, याच्या आश्रयाला असलेला व्याकरणकार बोपदेव. लहानपणी तो अभ्यासात मठ्ठ होता आणि विहिरीच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा पाहून पुन्हा अभ्यासाला लागला, अशी त्याची दंतकथा सांगतात. खरीखोटी असो, दोर तोच आहे. मात्र आपल्या कथेत तो उमेद देतो, चिनी पत्रात इशारा देतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच खरं तर मी हा विषय घेतला. तीत पैसा आहे, तिजोरी आहे आणि एक नाणंही आहे.

मेइ छंगनंतर हजारेक वर्षांनी सुंग घराण्याच्या काळात चांग युंग नावाचा अधिकारी होऊन गेला. जन्म 946, मृत्यू 1015. उमेदीच्या काळात तो छुंगयांग नावाच्या तालुक्याचा प्रमुख होता. एके दिवशी सरकारी खजिन्यातून एक कारकून बाहेर आला. त्याच्या कानशिलाजवळ, डोक्याच्या फडक्याखाली, चांग युंगला एक नाणं दिसलं. विचारल्यावर कळलं की ते खजिन्यातलंच. त्याने फटके मारायचा हुकूम दिला. कारकून उसळून म्हणाला, एका नाण्याचं एवढं काय? फटके माराल फार तर, माझं डोकं थोडंच उडवणार? चांग युंगने लेखणी उचलली आणि निकाल लिहिला. त्याचा आशय असा, की दिवसाला एक नाणं म्हणजे हजार दिवसांत हजार नाणी. दोर लाकूड कापतो, थेंब दगडाला भोक पाडतो. निकाल लिहून तो स्वतः तलवार घेऊन पायऱ्या उतरला आणि त्याने कारकुनाचं डोकं उडवलं. मग वरिष्ठांकडे स्वतःविरुद्धच अहवाल पाठवला. ही कथा तेराव्या शतकात लुओ दाचिंग या लेखकाने लिहून ठेवली, आणि ‘शुइ दी शि च्वान’ ही आज चीनमध्ये सर्रास चालणारी म्हण त्या निकालातल्या शब्दांवरून घट्ट झाली.

शिक्षा भयंकर आहे. एका नाण्यासाठी जीव घेणं कुठल्याही काळात अन्यायच, आणि चांग युंगलाही ते आत कुठेतरी टोचलं असावं, नाहीतर स्वतःची तक्रार स्वतः कोण करतो? पण शिक्षा बाजूला ठेवून हिशेब तेवढा पाहा. चीनमधली तेव्हाची नाणी मधोमध चौकोनी भोकाची असत, ती दोरीत ओवून ठेवत आणि हजार नाण्यांची एक माळ धरत. म्हणजे कारकुनाला दिसत होतं एक नाणं आणि अधिकाऱ्याला दिसत होती अख्खी माळ. थेंब पाहणं आणि खड्डा पाहणं, दोघांमधला वाद एवढाच होता.

याच चांग युंगचं नाव पैशाच्या इतिहासात आणखी एका ठिकाणी येतं. पुढे तो सिचुआनमध्ये चेंगडूला अधिकारी होता. तिथे लोखंडी नाणी चालत. ती इतकी जड आणि इतक्या कमी किमतीची, की बाजारहाट करायलाही ओझं वाहावं लागे. म्हणून लोक व्यापाऱ्यांकडे नाणी ठेवून त्यांच्याकडून कागदी पावती घेत आणि पावतीवरच व्यवहार करत. या पावत्यांना ‘च्यावझ’ म्हणत. त्या काढायचा अधिकार निवडक 16 धनिक घराण्यांना देऊन या व्यवहाराला शिस्त लावण्याचं श्रेय चांग युंगला दिलं जातं. पुढे त्यांतल्या काहींकडे लोक पावती घेऊन गेले, तर द्यायला नाणी नव्हती. खटले झाले. अखेर 1023 मध्ये सरकारने हे काम स्वतःच्या हातात घेतलं आणि जगातला पहिला सरकारी कागदी पैसा तिथे सुरू झाला. पावती हातात असणं आणि पैसे परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चेंगडूच्या ठेवीदारांना हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. याकडे मी परत येणार आहे.

तर चीनमधला थेंब मुळात इशाऱ्याचा. जपानमध्ये त्याचा सूर बदलला आणि तो उमेदीचा झाला. तिथल्या शेतकऱ्यांनी तर तो प्रत्यक्ष वापरून दाखवला. निनोमिया सोन्तोकु या माणसाचा जन्म 1787 चा, ओदावाराजवळच्या एका खेड्यातला. साकावा नदीच्या पुरात घरची शेती वाहून गेली. आईवडील लवकर वारले. पोरगा काकांकडे राहू लागला. रात्री वाचायला दिवा लावला की तेल जळतं म्हणून काका रागावत. त्याने ओंजळभर मोहरीसारखं तेलबी उसनं आणून पडीक जागेत पेरलं आणि दिव्याचं तेल स्वतःचं स्वतः मिळवलं. लावणीनंतर लोकांनी टाकून दिलेली भाताची रोपं एका पडीक खाचरात लावली आणि पोतंभर धान्य काढलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. लहान साठवून मोठं होतं, हे त्याचं आवडतं सूत्र. 1820 मध्ये ओदावाराला त्याने कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी एक परस्पर कर्जनिधी सुरू केला. तारण काही नाही, एकमेकांचा विश्वास आणि फेडीची सामुदायिक जबाबदारी. आपले बचत गट ज्या पायावर उभे आहेत, त्याच पायावर. 1946 च्या एक येनच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. पाठीवर लाकडाची मोळी आणि हातात पुस्तक असा त्याचा पुतळा जपानमधल्या कितीतरी शाळांच्या आवारात आहे.

जपानमध्ये आणखी एक म्हण आहे, की धूळही साचत गेली तर डोंगर होतो. तिचं मूळ नागार्जुनाच्या नावावर असलेल्या एका बौद्ध ग्रंथात सांगितलं जातं. त्याचं चिनी भाषांतर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला कुमारजीवाने केलं, आणि कुमारजीवाचे वडील भारतातले होते. तेव्हा या देवघेवीत आपलाही थोडा हातभार आहे, हे जाता जाता.

आता तुमच्या पासबुकाकडे येऊ.

‘दिवसाला एक नाणं’ हा हिशेब आपल्या देशात एका बँकेने जवळपास शब्दशः अमलात आणला. उडुपीला 1925 मध्ये एक छोटी बँक निघाली, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली आणि 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. 1928 मध्ये तिने एक योजना काढली. बँकेचा माणूस रोज दारात यायचा आणि अगदी दोन आणेसुद्धा जमा करून घ्यायचा. योजनेचं नाव ‘पिग्मी’. आज देशात कुठेही राहणाऱ्या मराठी दुकानदाराला विचारा, तो ‘रोजची पिग्मी भरतो’ असंच म्हणेल. बँकेच्या योजनेचं नाव बोलीत असं मुरून जाणं, हे तिच्या यशाचं मोजमाप आहे.

पिग्मी चालली, कारण थेंब त्याच जागी पडत होता. तीच वेळ, तोच माणूस, तेच खातं. ‘महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू’ हा अंगणातला पाऊस. तो पडतो, जिरतो, दिसत नाही. म्हणून आवर्ती ठेव म्हणजे आरडी काढली, तर पगाराच्या किंवा पेन्शनच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून हप्ता आपोआप वळेल, अशी सूचना बँकेला लिहून द्या.

किती होतं यातून? दिवसाला 10 रुपये धरू, महिन्याला 300. व्याज वर्षाला 6 टक्के, दर तिमाहीला चक्रवाढ. दर वर-खाली होतात, पण हिशेबासाठी तो कायम धरू. मुदत संपली की सगळी रक्कम पुन्हा ठेवली आणि हप्ता चालू ठेवला, असंही धरू. 5 वर्षांत तुम्ही भरले 18,000 आणि झाले सुमारे 21,000. व्याज 3,000 च्या आसपास. खरं सांगा, इथे मन थोडं खट्टू होतं ना? पाच वर्षं रोज काढून ठेवले आणि वर मिळाले तीन हजार. पुष्कळ जण इथेच खातं बंद करतात. 10 वर्षांनी भरलेले 36,000 आणि झालेले सुमारे 49,300, व्याज 13,300. 20 वर्षांनी भरलेले 72,000 आणि झालेले सुमारे 1,38,800. आता व्याजच 66,800, जवळपास भरलेल्या रकमेइतकं. पहिल्या पाच वर्षांत दगडावर नुसता ओलावा दिसतो, खळगा नंतर दिसायला लागतो. महागाई त्यातला वाटा खाणार आहे, वीस वर्षांनंतरच्या लाखाला आजच्या लाखाची किंमत नसेल, हेही सांगितलं पाहिजे. पण घरात डब्यात ठेवलेल्या दहा रुपयांना महागाई जास्त खाते.

बचत खात्याचंही तसंच. पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळे. 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. म्हणजे खात्यात चार दिवस पडलेला पैसाही चार दिवसांचं व्याज मिळवतो. थोडं असतं, पण ते तुमचं असतं.

हा झाला उमेदीचा थेंब. आता चांग युंगचा.

समजा, एक ताई भाजीचा गाडा लावतात. रोज 10 रुपये पिग्मीत टाकतात, वर्षानुवर्षं एकही दिवस चुकला नाही. मुलाच्या आजारपणात त्यांनी ओळखीच्या माणसाकडून 10,000 रुपये उचलले. व्याज ‘शेकडा पाच’. शंभराला पाच रुपये, ऐकायला किती लहान. पण ते महिन्याला आहे. म्हणजे दर महिन्याला 500, वर्षाला 6,000, सरळ 60 टक्के. दिवसाला हे साधारण 17 रुपये पडतात. ताईंच्या एका हाताने रोज 10 रुपये आत येतात आणि दुसऱ्या हाताने 17 बाहेर जातात. हजार दिवसांत पिग्मीत जमा झाले 10,000 आणि थोडं व्याज. त्याच हजार दिवसांत, म्हणजे 33 महिन्यांत, व्याजापोटी गेले 16,500, आणि मुद्दल 10,000 जसंच्या तसं उभं. ताईंच्या चिकाटीत काही कमी नाही. एकाच दगडावर दोन पागोळ्या पडताहेत, आणि खोल खळगा दुसरी पाडते आहे.

व्याज भरलंच नाही आणि ते मुद्दलात चढत गेलं तर? 72 ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे कळतो. बँकेतल्या 6 टक्क्यांना 72 भागिले 6, म्हणजे 12 वर्षं. महिना 5 टक्क्यांना 72 भागिले 5, म्हणजे चौदा-पंधरा महिने. ठेव दुप्पट व्हायला बारा वर्षं आणि कर्ज दुप्पट व्हायला सव्वा वर्ष. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : घरात असं कर्ज असेल तर नवी ठेव काढू नका, आधी कर्ज फेडा. ठेव असेल तर ती मोडायलाही कचरू नका, किंवा ठेवीच्या तारणावर बँकेतून कर्ज घ्या. त्याचा दर साधारण ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त असतो, आणि 60 टक्क्यांपुढे तो काहीच नाही. बचत गटात असाल तर गटाकडे मागा. ‘ठेव मोडली’ म्हणून वाईट वाटतं, मला कळतं. आपल्या घरांत ठेव मोडणं म्हणजे दागिना मोडण्यासारखंच मानतात. पण हिशेब भावनेला धरून चालत नाही.

शेकडा, फ्लॅट रेट, ‘दिवसाला फक्त एवढे’, ‘चहाच्या पैशात’ हे सगळे शब्द थेंब दाखवणारे आहेत. तुम्ही दर वेळी एकच प्रश्न विचारा : वर्षाला किती टक्के? क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली आणि दर महिना साडेतीन टक्के असेल, तर तो वर्षाला 42 टक्के होतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपने 5,000 चं कर्ज दिलं, प्रक्रिया शुल्क कापून हातात दिले 4,500 आणि महिन्याने 5,000 मागितले, तर व्याज ‘शून्य’ लिहिलेलं असलं तरी तुम्ही 4,500 वर 500 दिले. महिन्याला 11 टक्क्यांहून जास्त, वर्षाला 133 च्या घरात. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला सही घेण्याआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यायचा असतो, आणि तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असला पाहिजे. सगळे शुल्क धरून वर्षाचा दर त्यात एका ओळीत लिहिलेला असतो. बाकी पानं नंतर वाचा, ती ओळ आधी शोधा.

आता खात्यातले छोटे वजावटीचे थेंब. पासबुक छापून आणलं की आपण शिल्लक पाहतो आणि मिटतो. मधल्या ओळी वाचा. एसएमएसचं शुल्क, किमान शिल्लक न राखल्याचा दंड, कधीतरी मोबाइलवर चालू करून विसरलेलं एखादं मासिक शुल्क. किमान शिल्लक ठेवणं जमत नसेल, तर ‘मूलभूत बचत ठेव खातं’ मागा. त्याला किमान शिल्लक लागत नाही. वर्षातून एकदा 20 रुपये आणि 436 रुपये कापलेले दिसले तर लगेच घाबरू नका. ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती विम्याचे हप्ते असू शकतात. अपघाती मृत्यूला आणि कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण त्यात आहे, आणि या पैशात ते कुठे मिळत नाही. मात्र दोन बँकांत दोन खाती असतील आणि दोन्हीकडून हप्ता जात असेल, तर एक बंद करा. विमा एकाच खात्यावर मिळतो, दुसरा हप्ता फुकट जातो.

आणि कारकून विसरू नका. पिग्मी गोळा करणारी माणसं बहुतेक प्रामाणिक असतात, उन्हातान्हात दारोदार फिरतात. पण रोजचा थेंब दुसऱ्याच्या हातातून जातो, तेव्हा पावती किंवा मोबाइलवरचा संदेश त्याच दिवशी पाहा आणि महिन्यातून एकदा शाखेत जाऊन खात्यावरची रक्कम आपल्या वहीशी ताडून घ्या. ‘एवढ्या ओळखीच्या माणसाला कसं विचारायचं’ हा संकोच बाजूला ठेवा. वही ताडून पाहिल्याने प्रामाणिक माणसाचा अपमान होत नाही. मुदतीआधी पैसे काढले तर व्याज किती कमी होईल, किंवा मिळेलच का, हेही पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो.

चेंगडूच्या पावत्यांकडे परत यायचं म्हटलं होतं. तुमचा थेंब कुठल्या भांड्यात पडतो आहे? व्यापारी बँका, लघुवित्त बँका, सहकारी बँका यांतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपये आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तरी मर्यादा एकच. त्याचा हप्ता बँक भरते, तुम्ही नाही. पतसंस्थांमधल्या ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही, चांगल्या चाललेल्या पुष्कळ आहेत. पण नावात ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, आणि दारावर ठेव विम्याची पाटी आहे की नाही, हे पाहूनच आयुष्यभराची माळ कुठे ठेवायची ते ठरवा. आणि कोणी महिन्याला तीन-चार टक्के व्याज देतो म्हणाला, तर मघाचं भागाकाराचं गणित करा. दोन वर्षांच्या आत पैसे दुप्पट करून देणारा माणूस ते आणणार कुठून? अशी योजना नोंदलेली आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहता येतं, आणि तक्रारही तिथेच करता येते.

एक शेवटची गोष्ट, बदली होऊन गावोगाव फिरणाऱ्या घरांसाठी. नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली असं फिरताना प्रत्येक ठिकाणी एक खातं मागे राहतं. दोन वर्षं तुमच्याकडून व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. तिथूनही ती तुम्हाला किंवा वारसांना परत मिळते, बुडत नाही, पण कागद जमवताना दमछाक होते. ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून बऱ्याच बँकांतल्या अशा विसरलेल्या ठेवी शोधता येतात. आईवडिलांच्या नावाने एकदा शोधून पाहा. आणि घरी गेल्यावर प्रत्येक खात्याला वारस नेमलेला आहे का, तेवढं बघा. पासबुकाच्या पहिल्या पानावर ‘नामनिर्देशन नोंदवले’ असं लिहिलेलं असतं.

ज्यांनी पासबुक आणलं आहे त्यांनी डावीकडच्या टेबलापाशी यावं. तिथे शेकड्याच्या व्याजाचा वर्षाचा दर काढून देतील, आणि वारसाचा अर्जही तिथेच भरून घेतील. चहा झाल्यावर मीही तिथेच आहे.